मोनेमवासियाला आलीस तर

मोनेमवासिया, २ सप्टेंबर

मातिना,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलो. शाळा सुटल्यापासून मी एवढं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आपल्या घरात लिहायचं काम तुझ्या आईचं होतं आणि दगडाचं माझं.

सरळ मुद्द्यावर येतो. ऑक्टोबरमध्ये इकडे या. तू, फोतिस आणि मुलगी. शाळा बुडेल म्हणशील. आठ वर्षांच्या पोरीचं चार दिवसांत काय बुडतंय? थेस्सालोनिकीत तिला समुद्र रोज दिसत असेल, पण त्यात उतरता येतं का? इथे ऑक्टोबरात पाणी अजून कोमट असतं आणि गर्दी ओसरलेली असते. ऑगस्टमध्ये आम्ही आमच्याच गल्लीत अंग चोरून चालतो.

परवा एका परदेशी बाईने मला विचारलं, इथे दोन तासांत काय काय बघता येईल? म्हटलं, बाई, मी चौऱ्याहत्तर वर्षं बघतोय, माझं अजून संपलं नाही. ती हसली आणि माझाच फोटो काढून गेली. तुम्हाला मात्र मी नीट सांगतो.

गाडी पुलापलीकडे गेफिरा गावात ठेवा आणि खडकापर्यंत चालत या. ती छोटी बस मिळते, तिच्यात बसू नका. किल्ल्याचं दार आतून वाकडं आहे हे तुला आठवत असेल. शत्रूला आतलं दिसू नये म्हणून केलेलं. त्या वळणाच्या अंधारात मुलीचे डोळे झाकायचे आणि पुढे नेऊन एकदम उघडायचे. मी तुझे झाकायचो. मग चौक. तिथल्या तोफेवर तिला बसू दे, कोणी ओरडत नाही. मग वरच्या गावात जायचं. वळणावळणाची चढण आहे, सकाळी लवकर निघा. आया सोफियाच्या देवळापाशी कड्याला जो कठडा आहे, त्याची डागडुजी मी केली आहे, दोन हिवाळे लागले. मुलीला म्हणावं, बिनधास्त टेकून उभी राहा, आजोबांचं काम आहे.

दुपारी पोर्तेलोमधून पोहायला. तटबंदीतलं ते बुटकं दार. तू तिथेच पोहायला शिकलीस, कमरेला माझा पट्टा बांधून. पट्टा अजून आहे.

चालत येताना किल्ल्याच्या दाराच्या जरा अलीकडे दफनभूमी लागेल. तिथे लगेच थांबायची गरज नाही. ते नंतर बघू.

शनिवार १२ ऑक्टोबर मध्ये येईल असं बघा. त्या सुमारास हवा फार चांगली असते.

बाबा


मोनेमवासिया, १२ सप्टेंबर

मातिना,

तुझं उत्तर नाही. फोतिसने मात्र मोबाइलवर दोन ओळी पाठवल्या: 'पत्र पोचलं. ती वाचते. कृपा करून फोन करू नका.' जावई भला माणूस आहे. त्याच्या जागी मी असतो तर एवढंही कळवलं नसतं.

वाचतेस म्हणून लिहितो. १२ ऑक्टोबरचा हवेशी काही संबंध नाही.

देवळाच्या समितीचं पत्र आलंय. आपली दफनभूमी केवढीशी, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, वाढवणार कुठे? मेलेल्या माणसालाही इथे मुदतीचीच जागा. तीन-चार वर्षं झाली की माती उकरायची, अस्थी काढायच्या, वाइनने धुवायच्या, पेटीत घालून अस्थींच्या खोलीत ठेवायच्या आणि जागा पुढच्याला द्यायची. तू लहान असताना तुझ्या आजीचं केलं, तेव्हा तुला शेजारी ठेवलं होतं, म्हणून तू पाहिलेलं नाहीस. ज्यांचं कोणी येत नाही, त्यांच्या अस्थी सगळ्यांच्या खड्ड्यात जातात. पुन्हा शोधू म्हटलं तरी सापडत नाहीत.

तुझ्या आईला या ऑक्टोबरात चार वर्षं होतात. तिची पाळी १२ तारखेला आहे.

आता हे ऐक. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "मला मातिनाच धुवील. दुसऱ्या कोणाचा हात लावू देऊ नकोस." मी म्हटलं, "अगं, अजून तू आहेस, हे काय बोलतेस?" तर म्हणाली, "तू आधी हो म्हण." मी हो म्हटलं. दफनाच्या वेळी तुला हे सांगायचं राहून गेलं. त्या गडबडीत विसरलो.

इथे सगळ्यांच्या तोंडी हाच विषय आहे. स्त्रातोस आठवतो ना, खेचरवाला? आता तोच दफनभूमीचं खोदकामही बघतो. काल कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे अनार्गिरोस, मुलगी येणार का?"

"येणार."

"तसं कळवलंय तिने?"

"ती कळवत बसत नाही. ती येते."

"सात वर्षं घरी आलेली नाही, अजून रस्त्यातच आहे वाटतं! हे बघ, नसेल येत तर माझी बायको आहे. आतापर्यंत चाळीस जणांना धुतलंय तिने. हात हलका आहे, कोणाची तक्रार आलेली नाही."

सगळे हसले. मीही हसलो, काय करणार? पण स्त्रातोसची बायको तुझ्या आईला कधी आवडली नाही हे तुलाही माहीत आहे. आईला तिच्या हाती देऊ का मी?

पोर्तेलोकडे पोहायला जायचं असेल तर चपला आणा, खडकावर काटेरी शंख आहेत. येताना वाटेत बदामाची मिठाई घ्या, चौकाच्या खालच्या दुकानातली. वरच्या दुकानातली आता बाहेरून येते.

बाबा


मोनेमवासिया, २२ सप्टेंबर

मातिना, बाळा,

आज देवळातून आलो तो थेट कागद घेऊन बसलो. अक्षर कळत नसेल तर फोतिसकडून वाचून घे.

काल म्हाताऱ्या कोझमासच्या भावाचं उकरलं. आईच्या रांगेतलाच, तिच्यापासून तिसरा. मी स्त्रातोसला मदत करायला गेलो होतो, फरशी उचलायला दोन माणसं लागतात. चार वर्षं होऊन गेली होती. आणि मातिना, तो विरघळला नव्हता. कसा होता ते लिहीत नाही. पाद्रीबाबा ग्रिगोरिसनी घाईघाईने काहीतरी पुटपुटून पुन्हा माती लोटायला सांगितली. कोझमास तिथेच खाली बसला. त्याची बायको ओरडायला लागली, "कोणाचा शाप घेऊन गेला हा? कोणाचं काय राहिलं याच्याकडे?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कोणी म्हणे त्याने बहिणीचं शेत लाटलं होतं, कोणी म्हणे खोटी शपथ घेतली होती. चांगला माणूस होता तो. पण माती ज्याला घेत नाही, त्याच्यावर काहीतरी बाकी राहिलेलं असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आज प्रार्थनेनंतर मी पाद्रीबाबांना गाठलं. म्हटलं, "बाबा, हे खरं असतं का?"

ते म्हणाले, "अनार्गिरोस, तू दगडमातीतला माणूस. त्या रांगेखाली चिकणमाती आहे, पाणी निचरत नाही. याहून जास्त काही नाही."

"मग तुमचा आवाज का कापत होता काल?"

"मलाही नाक आहे म्हणून," म्हणाले. मग एक मेणबत्ती विझवून विचारलं, "तुला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, नाही.

मातिना, आई त्याच रांगेत आहे, त्याच मातीत. १२ तारखेला तीही तशीच निघाली तर? सगळं गाव भोवती उभं असणार, आणि ते तिच्याबद्दल बोलतील. वासिलिकीने असं काय केलं होतं, म्हणतील. आणि मग त्यांना आठवेल तो बाप्तिस्मा.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. आज बोलतो. नाव तू ठरवलं होतंस, सगळ्यांना सांगितलं होतंस, आणि देवळात धर्ममाता म्हणून उभ्या राहिलेल्या तासुलाच्या तोंडून भलतंच, आईचं नाव निघालं. पाद्रीबाबांनी तेच नाव घेऊन मुलीला तीनदा पाण्यात बुडवलं. एकदा पाण्यात घेतलेलं नाव परत घेता येत नाही. सरकारी कागदावर तू तुला हवं ते लिहिलंस, छान केलंस. पण आईने जे केलं ते प्रेमापोटी केलं. आपलं नाव पुढे चालावं असं कोणाला वाटत नाही? मेलेल्या माणसावर राग धरू नये, बाळा. ये. हवं तर एका दिवसासाठी ये, हवं तर माझ्याशी बोलू नकोस. तिला तसं एकटं बाहेर काढू नका रे.

बाबा


मोनेमवासिया, २९ सप्टेंबर

मातिना,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आईने काही केलं नव्हतं. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली आणि गेल्या आठवड्यातले सात दिवस. दोन कागद फाडले. आता लिहिलंय तर सगळंच लिहितो. पत्र अर्ध्यावर टाकून देऊ नकोस, एवढंच मागतो.

तू नाव सांगितलंस त्याच दिवसापासून दुकानात माझी टिंगल सुरू झाली होती. "नेफेली म्हणजे ढग! अनार्गिरोसच्या नातीचं नाव ढग! या नावाचा संत नाही, त्याचा सण नाही, मग पोरीचा नामदिवस कधी करणार, पाऊस पडेल तेव्हा?" स्त्रातोस मला पाहिलं की छत्री उघडायचा. बाकीचे म्हणायचे, तुझ्या मुलीला आईचं नाव जड झालं का रे? मी हसून घ्यायचो आणि घरी येऊन जेवायचो नाही. तुझी आई म्हणायची, "छान नाव आहे. हलकं आहे. पोरीला आयुष्यभर वागवायचंय ते, त्या दुकानाला नाही." ती खरंच असं म्हणाली होती. तिला ते नाव आवडलं होतं, मातिना.

बाप्तिस्म्याच्या दिवशी तासुला मुलीला घेऊन देवळाच्या दारात उभी होती, पाद्रीबाबांची वाट बघत. तू आत मेणबत्त्या लावत होतीस. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "तासुला, बेत बदललाय. नाव वासिलिकी ठेवायचंय."

ती म्हणाली, "काका, मातिनाने सकाळीच मला नेफेली सांगितलंय."

"सकाळचं सोड. तिला आईला चकित करायचंय, म्हणून ती कोणाजवळ बोलत नाहीये. तूही बोलू नकोस."

"नक्की ना काका? माझी मान अडकवू नका."

"मी खोटं बोलेन का देवाच्या दारात?"

हे मी म्हटलं. अगदी याच शब्दांत. त्या पोरीने माझ्यावर विश्वास ठेवला. धर्ममाता म्हणून पाद्रीबाबांनी तिला नाव विचारलं आणि तिने मोठ्याने 'वासिलिकी' म्हटलं. मागे बसलेल्या दुकानातल्या मंडळींनी एकमेकांना कोपरं मारली. त्या वेळी मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. माझी मान ताठ झाली. नातीच्या अंगावरचं तेल अजून ओलं होतं आणि मी त्या टोळक्याकडे बघून मिशीत हसत होतो.

मग तू चौकात तासुलाला धरलंस. "कोणी सांगितलं तुला?" ती रडत म्हणाली, "काकांनी." तू माझ्याकडे वळलीस. सगळे बघत होते, स्त्रातोस, कोझमास, फोतिसचे आईवडील. मातिना, त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, हो, मी. दोन शब्द. पण मी म्हटलं, "तुझ्या आईची इच्छा होती."

तुझी आई पांढरा टॉवेल हातात घेऊन उभी होती, मुलीला टिपायला आणलेला. तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तुला म्हणाली, "हो बाळा. मीच म्हटलं होतं."

तू तिला जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही, तुला आठवत असेल. तू मुलीला उचललंस आणि त्या वाकड्या दारातून निघून गेलीस. जेवणाची पानं मांडलेली होती. ती तशीच राहिली.

घरी आल्यावर आई मला म्हणाली, "आज मी तुझी अब्रू राखली. आता माझी मुलगी मला आणून दे." मी म्हटलं, दोन दिवस जाऊ दे, तिचा राग निवू दे. दोन दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचं वर्ष झालं. ती तुला फोन करायची, तू कापायचीस. मी समोर बसून ऐकायचो. एकदा मी चिडून म्हटलं, "मग तूच सांग ना तिला खरं काय ते!" तर म्हणाली, "मी सांगितलं तर तिला वाटेल, आई आता सगळं बापावर ढकलतेय. ते तुझ्याच तोंडून गेलं पाहिजे." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. माझ्यासाठी स्वयंपाक करायची, माझ्या कपड्यांतली खडी झटकायची, आणि वाट बघायची. तीन वर्षं. तुझ्या मुलीचा एकच फोटो होता तिच्याकडे, फोतिसने लपून पाठवलेला, दुधाचे दात दाखवत हसणारा. शेवटपर्यंत उशीखाली होता.

इस्पितळात ती म्हणाली तेही मी तुला अर्धंच सांगितलं. "मला मातिनाच धुवील" एवढंच नाही म्हणाली. म्हणाली, "तोपर्यंत तू तिला सांगितलेलं असशील ना?" मी हो म्हटलं. त्याला मी हो म्हटलं होतं.

आणि दफनाच्या वेळी मी काही विसरलो नव्हतो. तू फाटकापाशी उभी होतीस, काळा चष्मा लावून. मूठभर माती टाकलीस आणि परत जाऊन तिथेच उभी राहिलीस. माझ्यापासून दहा पावलांवर. सांगायचं होतं ते तिथे सांगता आलं असतं, तू ऐकलं असतंस. मला धीर झाला नाही. तू गाडीत बसेपर्यंत मी लोकांचे हात हातात घेत राहिलो.

आता तुला कळलं. सात वर्षं तू चुकीच्या माणसावर रागावलीस, आणि तो माणूस मला पाठीशी घालून गेला. मी तुझी माफी मागायला हवी, पण मला ती मागायचा नावापुरतासुद्धा हक्क उरलेला नाही. म्हणून तिच्यासाठी मागतो. माती तिला धरून ठेवत असेल, तर ते माझ्यामुळे. तिच्याकडे कोणाचंही काही बाकी नव्हतं.

नेफेली. घे, लिहिलं. नेफेलीला घेऊन ये.

बाबा


मोनेमवासिया, ६ ऑक्टोबर

मातिना,

तुझं उत्तर नाही, म्हणून फोतिसला विचारलं. त्याने या वेळी एकच शब्द पाठवला: 'वाचलं.'

हे जलद टपालाने पाठवतो आहे, गुरुवारपर्यंत पोचेल असं टपालवाली म्हणाली. तू येणार की नाही हे मला माहीत नाही. पण येणार असशील आणि केवळ माझं तोंड बघायला नको म्हणून अडत असशील, तर ती अडचण मी दूर करतो. शनिवारी मी तिथे नसेन.

खोदकाम सकाळी साडेआठला सुरू होईल. मी आठ वाजता घर सोडून दीपगृहापाशी जाऊन बसेन, खडकाच्या पूर्वेच्या टोकाला. तिथून दफनभूमी दिसत नाही आणि पुलाचा रस्ताही दिसत नाही. मुद्दाम ती जागा निवडली आहे. दोन वाजेपर्यंत उठणार नाही. स्त्रातोसला सांगितलंय. तो म्हणाला, "नवराच नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोकांना मी बरीच वर्षं खूश ठेवलं, आता पुरे. या वेळी तो हसला नाही.

तुला काय काय करायचं आहे ते सांगतो. तुला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून लिहितो. तांबडी वाइन मी पाद्रीबाबांकडे ठेवली आहे, आपल्याच द्राक्षांची, दोन बाटल्या. पांढरं सुती कापड आईच्या पेटाऱ्यातलं आहे, तिने स्वतः बाजूला काढून ठेवलेलं. तेही त्यांच्याकडेच. फावडं बाजूला ठेवून शेवटची माती हाताने काढायची. आधी डोकं निघतं. ते हातात घेऊन कपाळाला ओठ लावतात. घाबरू नकोस. तुझ्या आजीच्या वेळी आई घाबरली होती, आणि नंतर म्हणाली की हातात घेतल्यावर भीती वाटतच नाही, केस विंचरून द्यावेत असं वाटतं. एकेक हाड वाइनने धुवायचं, पुसायचं, कापडावर उन्हात मांडायचं. घाई करायची नाही. पाद्रीबाबा म्हणतील तेव्हाच पेटीत ठेवायचं. नंतर उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटतात. तो कोझमासची बायको करते आहे, तिने आपण होऊन विचारलं.

नेफेलीला जवळ ठेवायचं की नाही ते तू ठरव. मी यापुढे तिच्याबद्दल काही ठरवणार नाही.

आणि ती तशीच निघाली, विरघळली नसेल, तर पाद्रीबाबांना माझं २९ तारखेचं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला दे. त्यांना मी सांगून ठेवलं आहे. मी पापनिवेदनाला गेलो होतो गुरुवारी. पण त्यांच्या कानात सांगणं आणि चौकात सांगणं यात फरक आहे, तो त्यांनीच मला सांगितला. मी म्हटलं, ती तशी निघाली तर वाचा. ते म्हणाले, "आणि स्वच्छ निघाली तर?" मी टोपी उचलली आणि निघालो.

कृपा कर. मी कोणापुढे असे हात पसरलेले नाहीत. तू आली नाहीस तर स्त्रातोसची बायको धुवील, आणि मी दीपगृहापाशी बसून राहीन, आणि आईला दिलेला एकुलता एक शब्दही जाईल.

बाबा


मोनेमवासिया, १३ ऑक्टोबर

मातिना,

दोन वाजेपर्यंत मी जागचा हललो नाही. वारा होता. एक जोडपं आलं, त्यांनी विचारलं इथून पुढे काही बघण्यासारखं आहे का. नाही म्हटलं.

तू आलीस की नाही हे मला तीन वाजता कळलं, चौकात. स्त्रातोस तोफेपाशी बसून होता, माझीच वाट बघत. मला पाहून उठला आणि टोपी काढली. म्हणाला, "आली होती." त्याने मला तोफेवर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

मग त्याने सगळं सांगितलं, मी विचारलं नाही तरी. आई स्वच्छ निघाली. मेणासारखी पिवळी, एकही डाग नाही. पाद्रीबाबांनी क्रूस केला आणि म्हणाले, एवढी शांत झोपलेली माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. तू कोणालाच हात लावू दिला नाहीस, म्हणाला तो. पावणेदोन तास गुडघ्यांवर होतीस. स्त्रातोसची बायको मदतीला वाकली तेव्हा तू तिला म्हणालीस, "नको मावशी, हिने मला सांगितलंय." नेफेलीने कापडावर सगळं मांडलं. बोटांची हाडं तिने मोजून मांडली आणि एक कमी भरलं, म्हणून तू पुन्हा मातीत हात घातलास आणि ते शोधून काढलंस.

तिने तुला विचारलं म्हणे, "आजोबा कुठे आहेत?"

"दीपगृहापाशी."

"इथून दिसतात का?"

"नाही."

"मग तुला कसं माहीत?"

तू म्हणालीस, "या वेळी ते खोटं बोलले नसतील."

आणि मग ते पत्र. ती स्वच्छ निघाली होती, वाचायची गरज नव्हती. तरी तू पर्समधून काढून पाद्रीबाबांच्या हातात दिलंस आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. मला याचं काही म्हणायचं नाही. तू माझ्या जागी उभं राहून माझं काम केलंस. आज दुकानात गेलो. कोझमासने माझी कॉफी मागवली, बिनसाखरेची, आणि आम्ही ती पीत बसलो.

तू गावात आली नाहीस. फाटकातूनच परत गेलीस असं कळलं. ठीक आहे.

आज सकाळी मी अस्थींच्या खोलीत गेलो. आईची पेटी खिडकीखालच्या फळीवर आहे, ऊन येतं तिथे. इथे बायकांच्या पेटीवर नवऱ्याचं नाव लिहितात, अमक्याची पत्नी तमकी. तू फक्त 'वासिलिकी, मातिनाची आई, नेफेलीची आजी' लिहिलं आहेस. पाद्रीबाबा म्हणाले, "खाली जागा आहे, अनार्गिरोस. तुझं नाव घालू का?" मी म्हटलं, राहू दे. तिने बरोबर लिहिलंय.

ते गेल्यावर मी तिथेच उभा राहिलो. चार वर्षं मी तिच्या फरशीवर रोज हात ठेवत आलो, तेव्हा वर एवढी माती होती. आता नुसती फळी मध्ये आहे. मला पेटीवर हात ठेवायचा होता. उचलला, आणि ठेवला नाही. ती आता तुझी आहे, तू तिला बाहेर काढलंस. तुला विचारल्याशिवाय ठेवणार नाही.

म्हणून हे पत्र. तुला बाकी काही लिहू नये असं वाटत असेल तर लिहू नकोस. फोतिसला सांग, तो एका शब्दात कळवील, हो किंवा नाही.

ठेवू का?

बाबा